थेल्मानं करून बघितलेलं पुस्तक

इंग्लंडातल्या आमच्या कॅल्डरच्या खोऱ्यात चेटकिणींच्या पुस्तकाला कुणी वाईट म्हणत नसे. तसा रिवाजच नव्हता. पुस्तक टाकाऊ असलं तर लिहायचं, 'मुखपृष्ठ देखणं आहे.' त्याहून टाकाऊ असलं तर, 'लेखिकेनं मनापासून लिहिलंय.' आणि 'नवशिक्यांना आवडेल' असं छापून आलं की जाणत्यांनी काय ते समजून पाकीट खिशात ठेवायचं. याला कारण होतं. पुस्तक लिहिणारी आणि त्या पुस्तकावर लिहिणारी, दोघी महिन्यातून एकदा त्याच पबच्या माडीवर भेटायच्या, शेजारी बसून मटणाचा पाय आणि वाटाणे खायच्या. आणि वर ती जुनी भीती होतीच, की जे पाठवाल ते तिप्पट होऊन परत येतं. वाईट शब्द पाठवून त्याच्या तिप्पट घरी कोण आणणार?

आमची थेल्मा आणायची. थेल्मा हॉर्सफॉल. नऊ वर्षं आणत होती, आणि तिचं कुणी काही वाकडं करू शकलं नव्हतं.

थेल्मा इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या इस्त्रीयंत्रावर कामाला होती. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. हॉर्सफॉलांच्या घरात शिक्षण कुणाचंच फार नव्हतं, पण खोटं बोलून कुणी चार घास खाल्लेत असंही नव्हतं. खोऱ्यात कुणालाही विचारा. डेस्मंड पिकल्स म्हणून एक जुना छापखान्यातला माणूस होता. तो 'काटेकुंपण' नावाचा अंक काढायचा. आमच्यात वर्षाचे आठ सण, म्हणून आठ अंक, झेरॉक्स काढून टाचण्या मारलेले. त्यातलं पुस्तकांवरचं शेवटचं पान थेल्माचं. स्कॉटलंडपासून कॉर्नवॉलपर्यंत माणसं अंक उलटा उघडून आधी ते पान वाचायची. लंडनच्या पेपरात नावापुढं पदव्या लावून लिहिणारे पुष्कळ असतील, त्यांचं पान असं कुणी उलटं उघडलेलं ऐकिवात नाही.

कारण थेल्मा पुस्तक नुसतं वाचत नसे, करून बघायची. पुस्तकात मेणबत्ती लावा म्हटलं तर लावायची. पौर्णिमेला दारात मीठ टाका म्हटलं तर पौर्णिमेची वाट बघून टाकायची. पुरं चांद्रचक्र थांबायची आणि मग लिहायची. मेणबत्त्यांच्या एका पुस्तकावर तिनं लिहिलं होतं, 'चौथ्या प्रकरणात माझा स्वयंपाकघरातला पडदा गेला. बादली भरून जवळ ठेवा.' धनप्राप्तीच्या पुस्तकावर, 'महिनाभर सांगितलं तसं केलं. एक छत्री मिळाली. ती माझीच होती, बसमध्ये विसरलेली.' लोक खो खो हसायचे, आणि ज्यांची पुस्तकं होती ते दोन महिने माडीवर तिच्याशी बोलायचे नाहीत. तिसऱ्या महिन्यात बोलायचे. असं चालायचं.

थेल्माला त्याची फिकीर नव्हती, कारण तिच्या पाठीशी ऑड्री क्रॅबट्री होती.

ऑड्री म्हणजे आमच्या चेटकिणींच्या मंडळाची मोठी बाई. थेल्माचा नवरा रॉनी ब्लॅकपूलला एका बाईबरोबर पळाला, त्या हिवाळ्यात थेल्मा कामावरून येऊन कोट न काढताच खुर्चीत बसून राहायची. भाऊबंद होते, पण बाप्या माणसांना अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही. ऑड्री मात्र रोज संध्याकाळी सुपाचं भांडं घेऊन यायची. बोलायची नाही, भांडं गरम करायची, समोर बसायची. वसंतात ती तिला माळावर घेऊन गेली, मंडळात बसवलं, दीक्षा दिली. नऊ जणांचं मंडळ. थेल्माला मूलबाळ नाही. वाढदिवस, सणवार, आजारपण, जे काही घर म्हणून असतं ते सगळं तिला त्या नऊ जणांत मिळालं.

आणि त्या ऑड्रीचंच पुस्तक आलं. 'आजीची परडी'. लंडनच्या प्रकाशकानं काढलेलं, जाड कागद, आत ऑड्रीनं स्वतःच्या हातानं काढलेली झाडापाल्याची चित्रं. सगळी विद्या म्हणे तिच्या आजीकडून आलेली. माडीवर त्या दिवशी शेरी वाईन होती.

"थेल्मा, तूच लिहायचंस हं," ऑड्री म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दिलंस तर बोलणार नाही मी तुझ्याशी."

"मी सवलत देत नसते बाई."

"देऊ नकोस की. सवलत मागायला मी काय नवशिकी आहे?"

"बरं. घरी जाऊन आधी पडदा काढून ठेवते," थेल्मा म्हणाली, आणि सगळी माडी हसली. बर्निस अटली तेवढी हसली नाही. बर्निस मंडळातली दुसऱ्या नंबरची, गावात तिचं स्फटिकांचं आणि पुस्तकांचं दुकान. ती म्हणाली, "हे पुस्तक करून बघायचं नाही थेल्मा, डोक्यावर घ्यायचं."

थेल्मानं करून बघितलं. पहिली सहा प्रकरणं छान गेली. सूप झालं, पायाला लावायचा मलम झाला. सातव्यात दृष्टी उघडणारा काढा होता. कॉम्फ्रीचा पाला घ्यायचा, फुलं यायच्या आधी, पहाटे, लोखंड न लावता हातानं खुडायचा, दाट उकळायचा आणि उपाशीपोटी प्यायचा. कॉम्फ्री आमच्याकडं पुष्कळ लोक पितात, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण थेल्मा वाढली पाठीला पाठ लागलेल्या घरांच्या रांगेत. बाग कसली, कुंडीसुद्धा नाही. तिला झाडांतली ओळख म्हणजे हात लागला की खाजवणारं नेटल आणि पिवळं डँडेलायन. म्हणून ती पुस्तक उघडं धरून कालव्याच्या काठच्या झाडीत गेली आणि चित्राशी पान जुळवून बघितलं. लवदार, सुरकुतलेलं, टोकाला निमुळतं. एक एक शीर जुळली. ऑड्रीचा हात चित्राला फार चांगला होता.

ते फॉक्सग्लव्ह होतं. जून असता, त्याला जांभळी घंटांसारखी फुलं असती, तर थेल्मानंही ओळखलं असतं. फुलं नसताना फॉक्सग्लव्ह आणि कॉम्फ्री सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, आणि त्यातली एक माणसाचं काळीज थांबवते.

शेजारच्या बाईनं भिंतीतून ओकाऱ्यांचा आवाज ऐकला म्हणून वाचली. तिच्याच इस्पितळात नेलं. नाडी इतकी मंद, की नर्सनं दोनदा मोजली. डोळ्यांपुढं सगळं पिवळं. ग्लानीत ती सारखं म्हणत होती, "या चादरी परत पाठवा. नीट धुतलेल्या नाहीत. पिवळ्या आहेत." त्या तिनंच आदल्या दिवशी इस्त्री केलेल्या चादरी होत्या.

डॉक्टरांनी उरलेला पाला बघितला. "हे प्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पुस्तकात आहे."

"कुणाच्या?"

"मैत्रिणीच्या."

"असली एक मैत्रीण असली की शत्रू लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

पायात चालण्याइतका जीव आल्यावर थेल्मा ऑड्रीकडं गेली. ऑड्रीनं चहा ठेवला, आल्याचा केक कापला. थेल्मानं पुस्तक उघडून त्या चित्रावर बोट ठेवलं. बोलावं लागलंच नाही. ऑड्रीच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"तू प्यायली होतीस का गं हा काढा?" थेल्मानं विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"वासच सहन होत नाही मला."

"आणि आजी?"

ऑड्री खाली बसली. "माझी आजी चॅपेलमधली, कडक ख्रिस्ती होती थेल्मा. पत्ते खेळणाऱ्याला नरकात धाडायची. मी हे असलं काही करते म्हणून तिला कळतं तर मला विहिरीत ढकललं असतं. काढा लायब्ररीतल्या पुस्तकातला आहे. चित्र मी फिरायला गेले तेव्हा काढलं. मला वाटलं कॉम्फ्रीच आहे."

थेल्मानं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "आजी चेटकीण नव्हती तर नव्हती. मला काय करायचंय तिच्याशी? प्रकाशकाला फोन कर आणि चित्र बदल."

"काय सांगू? आजी चुकली?"

"तू चुकलीस म्हणून सांग."

"तेच ते झालं ना! पुस्तकात लिहिलंय चित्रं आजीच्या वहीवरनं काढलीत म्हणून. एक चूक निघाली की माणसं दुसरी शोधतात. मग आजी शोधतात. तुझी दीक्षा कुणाकडून आली थेल्मा? माझ्याकडून. माझी? आजीकडून, असं वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. ती नाही म्हटलं की तुम्ही सगळे लटकलात हवेत. बर्निस लटकली. तू लटकलीस." तिनं थेल्माचा हात धरला. "हे मंडळातलं बोलणं आहे. शपथ आहे तुला. बाहेर नाही जाणार."

मंडळात बोललेलं बाहेर न्यायचं नाही, ही दीक्षेची पहिली अट. थेल्मानं मान हलवली. "आजीचं नाही बोलणार. पण चित्राचं लिहिणार ऑड्री. ते मी तुझ्या तोंडून नाही ऐकलं, माझ्या पोटानं ऐकलंय."

"मी तुला सूप आणून दिलं होतं," ऑड्री म्हणाली.

"हो. आणि ते मी ओकले नव्हते," थेल्मा म्हणाली, आणि केक तसाच ठेवून उठली. रडली ती घरी येऊन.

डेस्मंडनं मजकूर वाचला आणि चष्मा काढला. "मुखपृष्ठ देखणं आहे ना? मग तेवढं लिही की बाई."

"मी मेले असते डेस्मंड."

"पण मेली नाहीस ना."

"मी नाही मेले. माझ्यापुढची मरेल. तिच्या शेजारणीचे कान चांगले असतीलच असं नाही."

डेस्मंडनं नऊ वर्षांत तिच्या पानाचा एक शब्द कधी कापला नव्हता. याही वेळी कापला नाही, तेवढं त्याचं श्रेय. पण मशीन बिघडलं म्हणून अंक अडकला, आणि मेच्या सणाचा तो अंक टपालात पडला तो नेमका अमावास्येला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं.

थेल्मानं लिहिलं होतं ते असं: 'ऑड्री क्रॅबट्री यांच्या पुस्तकात सातव्या प्रकरणातलं चित्र कॉम्फ्रीचं नाही, फॉक्सग्लव्हचं आहे. मी त्याबरहुकूम पाला आणला, प्यायले आणि इस्पितळात पडले. पुस्तक घेतलं असेल तर ते चित्र फाडून टाका. ऑड्री क्रॅबट्री माझी मैत्रीण आहे आणि पुस्तकातलं सूप फार चांगलं आहे. मलमही गुण देतो. पण चित्र आधी फाडा, मग सूप करा. ऑड्री क्रॅबट्री यांनी पुढच्या आवृत्तीत ते बदलावं.' आजीचं अवाक्षर नाही.

पत्रं आली. पाल्याबद्दल एकही नव्हतं. कुणी लिहिलं जळकुटी आहेस. कुणी लिहिलं, जिनं दीक्षा दिली तिच्यावर उलटतेस, लाज नाही वाटत? वेल्समधल्या एका बाईनं लिहिलं की शुद्ध मनानं प्यायली असतीस तर विष बाधलंच नसतं.

आणि मे सरायच्या आत ऑड्री दारातल्या कुंड्यांना पाणी घालता घालता कोसळली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

त्यानंतर थेल्मा माडीवर गेली तेव्हा मंडळातले सगळे आधीच येऊन बसले होते. तिची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. बर्निसपुढं अंक उघडा होता.

"अमावास्येला टाकलंस," बर्निस म्हणाली. "तिचं नाव तीनदा लिहिलंस. मोजलंय आम्ही."

"पुस्तक तिचं आहे. मग नाव कुणाचं लिहू, राणीचं?"

"थट्टा नकोय. फाडा म्हणून लिहिलंस. दोनदा. आणि तिचं अर्धं अंग फाटल्यासारखं पडलं."

"अगं, तिला रक्तदाब होता! गोळ्या घेत नव्हती ती. तुला ठाऊक आहे."

"एवढंच सांग मला. शब्दात ताकद असते की नसते?"

थेल्मानं दोन्ही उत्तरं मनात म्हणून बघितली. नसते म्हणावं, तर मग माळावर थंडीत उभं राहून इतकी वर्षं जे म्हटलं ते काय होतं? रॉनी गेल्यावर ज्या शब्दांनी तिला खुर्चीतनं उठवलं ते काय होते? असते म्हणावं, तर ऑड्रीला आडवं कुणी केलं, त्याचंही उत्तर तेच. साध्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. तो म्हणेल, समीक्षेनं कुणी मरतं होय? पण थेल्मा मनापासून मानणारी होती. ढोंगी असती तर सुटली असती.

"असते," ती म्हणाली.

"मग उलटव. पौर्णिमेला ते पान जाळ, आणि पुढच्या अंकात लिही की चित्र बरोबर आहे, मीच पाला चुकीचा आणला."

"पान जाळते. माझे केस जाळा हवं तर. जे माझ्यावर घ्यायचंय ते घेते, तिचं अर्धं अंग मला येऊ दे. पण चित्र बरोबर आहे असं मी लिहिणार नाही. ते वाचून कुणी प्यायलं तर?"

"अर्धं उलटवलेलं उलटत नाही."

"मग नाही उलटत."

डेस्मंडही मंडळातलाच, तो खाली बघत होता. दीक्षेच्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत माप घेऊन एक लाल दोरा मंडळाकडं ठेवतात, माणूस मंडळाचं झालं त्याची खूण म्हणून. बर्निसनं पिशवीतनं थेल्माचा दोरा काढला आणि टेबलावर ठेवला. परत दिला. याहून जास्त आमच्यात काही करत नाहीत. थेल्मानं तो गुंडाळला, कोटाच्या खिशात घातला आणि जिना उतरली. खाली पबात लोक फुटबॉल बघत होते. हॉर्सफॉलांपैकी रडत जिना उतरलेलं कुणी बघितलं नाही, आणि त्या दिवशीही बघायला मिळालं नाही.

थेल्मानं ऑड्रीला भेटू नये म्हणून बर्निसनं इस्पितळातल्या नर्सना सांगून ठेवलं होतं. पण धुलाईखान्यातल्या बाईला कुठल्याही वॉर्डात कोण अडवतं? थेल्मा चादरींची गाडी ढकलत आत गेली. ऑड्री जागी होती. एक डोळा नीट बघत होता.

"मी केलं का गं हे?" थेल्मानं विचारलं.

ऑड्रीच्या घशातून आवाज आला, पण त्याचा शब्द झाला नाही.

"बरं, ते राहू दे. चित्र बदलायला सांगू? नुसती मान हलव. मी बाकीचं बघते. आजीला कुणी हात लावणार नाही."

ऑड्रीनं तिच्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग जी बाजू हलत होती तिच्या जोरावर तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. थेल्मानं तिची चादर बदलली, कोपरे घट्ट खोचले आणि गाडी घेऊन बाहेर आली. ऑगस्टच्या सणाला ऑड्री गेली. अंत्यविधीला थेल्मा फाटकाबाहेर उभी होती. पाऊस नव्हता, काही नव्हतं, नुसतीच उभी होती.

पुस्तक मात्र सपाट्यानं खपलं. माणूस गेलं की त्याची पुस्तकं जास्त खपतात. थेल्मानं प्रकाशकाला तीन पत्रं लिहिली, डॉक्टरांनीही एक लिहिलं. उत्तर आलं की वाचकानं सगळं आपल्या जबाबदारीवर करावं असं पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेलं आहे, आणि बदल करायचा तर लेखिकेच्या वारसानं सांगावं लागेल. वारस बर्निस, मृत्युपत्रात नाव तिचं. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा आत बर्निसची प्रस्तावना होती: 'ऑड्रीच्या आजीपासून आलेलं हे धन आहे. त्यातलं एक अक्षर, एक रेघ आम्ही बदललेली नाही.'

थेल्मा दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. तिनं आयुष्यात कधी मोडली नव्हती ती शपथ त्या दिवशी मोडली.

"आजी चेटकीण नव्हती बर्निस. ऑड्रीनं मला सांगितलं. चॅपेलमधली होती. काढा लायब्ररीतला आहे."

बर्निस स्फटिकांवरची धूळ पुसत होती. पुसतच राहिली. "ठाऊक आहे मला. माझी आई त्या म्हातारीच्या शेजारी राहायची."

थेल्मा गल्ल्याजवळ गेली. "मग? मग चित्र बदलायला काय जातं तुझं?"

"बदललं की लोक विचारतील का बदललं."

"आणि कुणी मेलं तर?"

"अजून कुणी मेलं नाही."

"तुला कसं ठाऊक? मेलेली माणसं पत्रं लिहितात होय तुला?"

"तू जा थेल्मा. दोरा दिलाय तुझा, आता जा," बर्निस म्हणाली. तिनं जाऊन दार उघडून धरलं.

डेस्मंडनं शेवटचं पान दुसऱ्या बाईला दिलं. म्हणाला, रागावू नकोस, अंक चालवायचाय मला. थेल्मा रागावली नाही. तिनं धुलाईखान्याच्या ऑफिसातल्या मशीनवर, साहेबांना विचारून, चिठ्ठ्या काढल्या. एका बाजूला फॉक्सग्लव्ह, एका बाजूला कॉम्फ्री, खाली दोन ओळी, कुठलं विषारी ते. सुट्टीच्या दिवशी बसनं हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड, लीड्स. जिथं ते पुस्तक असेल तिथं जायचं, प्रत उघडायची, सातव्या प्रकरणात चिठ्ठी घालायची, प्रत परत ठेवायची. काही दुकानदार काढून टाकायचे. ती पुढच्या वेळी परत घालायची. लीड्सच्या एकानं तिला चोर समजून पिशवी उपडी करायला लावली. आत चिठ्ठ्या आणि डबा.

बर्निसच्या दुकानातही जायची. बर्निस बघायची, थेल्मा घालायची, ती गेल्यावर बर्निस काढायची. दोघी बोलायच्या नाहीत.

एकदा तिथं चिठ्ठी घालत असतानाच एक तरणी बाई शेजारी येऊन उभी राहिली. पोट पुढं आलेलं, सहावा सातवा असेल. तिला तेच पुस्तक हवं होतं. थेल्मानं हातातली प्रत तिला दिली. बाईनं चाळली, चिठ्ठी बाहेर आली.

"अरे वा, पानात ठेवायची खूण पण देतात का यात?"

गल्ल्यामागनं बर्निस म्हणाली, "ते पुस्तकातलं नाहीये. इकडं द्या ते, मी टाकते."

"असू दे हो, छान आहे. चित्र आहे की," बाई म्हणाली.

"वाच ते," थेल्मा म्हणाली.

"वाचेन ना घरी."

"घरी नको. इथंच वाच राणी. मी थांबते."

बाईनं एकदा बर्निसकडं बघितलं, एकदा थेल्माकडं. मग चिठ्ठी उजेडाकडं धरली.